रंग नको, रंगाचे काम लिहा

मोबाइल अ‍ॅपचा पडदा रचताना नवशिके प्रत्येक बटणाला व अक्षराला वेगळा रंग नेमून देतात. आपल्या वाणिज्य शाखेच्या भाषेत हे म्हणजे दरपत्रक न ठेवता प्रत्येक पावतीवर हाताने भाव लिहिणे. भाव बदलला की साऱ्या पावत्या खोडाव्या लागतात.

अँड्रॉइडमध्ये यावर ‘थीम अ‍ॅट्रिब्यूट’ हा उपाय आहे. अ‍ॅट्रिब्यूट हा रंग नव्हे. ते रंगाच्या कामाला दिलेले नाव, जणू खातेवहीतले खाते. मटेरियल डिझाइनमध्ये पृष्ठभागासाठी ‘कलर सरफेस’ व त्यावरील अक्षरांसाठी ‘कलर ऑन सरफेस’ अशी जोडी आहे. मांडणीच्या फाइलमध्ये या नावाआधी प्रश्नचिन्ह घालतात. त्याचा अर्थ, चालू थीमला विचारून रंग घ्यावा.

२०१९ साली अँड्रॉइड १० मध्ये संपूर्ण फोनसाठी गडद थीम आली आणि याचे महत्त्व वाढले. पृष्ठभाग थीमप्रमाणे बदलणारा, पण अक्षरे कायमची काळी असतील, तर गडद थीममध्ये काळ्यावर काळे होते. जमाखर्चाच्या अ‍ॅपमध्ये शिल्लक रक्कमच दिसेनाशी होते!

एक नियम ध्यानात ठेवावा. घटकावर थेट लिहिलेला रंग स्टाइलपेक्षा वरचढ आणि स्टाइल थीमपेक्षा वरचढ. म्हणून एखाद्या जागी राहून गेलेला पक्का रंग थीम बदलूनही हटत नाही.

तेव्हा मित्रहो, ‘कोणता रंग?’ यापूर्वी ‘कशासाठी?’ असे विचारावे. कामाचे नाव मांडणीत लिहावे. रंग थीममध्ये, एकदाच.