वाड्याचे खरेदीखत आधी, कॅनडाचे विमान नंतर

प्रश्न : आम्हा दोघांना आणि मुलीला कॅनडाचे पीआर (कायम निवास) मंजूर झाले आहे. मुख्य अर्जदार पत्नी आहे. कन्फर्मेशनच्या कागदावर तिथे उतरण्यासाठी २ डिसेंबरची मुदत आहे. तिकडच्या शाळा सप्टेंबरमध्ये सुरू होतात, म्हणून ऑगस्टमध्येच निघावे असे तिचे म्हणणे. पण आजोबांच्या वाड्यातला माझा हिस्सा बिल्डरला विकायचा आहे आणि खरेदीखत ऑक्टोबरमध्ये होईल. मुखत्यारपत्र देऊन निघालो तर चालेल का? की मी एकटाच आधी जाऊन, घर बघून परत येऊ? – एक वाचक, कसबा पेठ, पुणे

उत्तर : पत्रातली शेवटची शंका आधी मिटवायला हवी, कारण तिथे मोठी चूक होऊ शकते. मुख्य अर्जदार पत्नी असल्याने पती किंवा मुलगी तिच्याआधी पीआर म्हणून कॅनडात उतरू शकत नाहीत. तिघांनी एकत्र जावे किंवा पत्नीने आधी. पतीने पुढे जाऊन घर बघण्याचा बेत सोडून द्यावा.

२ डिसेंबर ही तारीखही पक्की धरावी. ही मुदत साधारणपणे वैद्यकीय तपासणीच्या वर्षावर किंवा पासपोर्टच्या मुदतीवर, जी आधी संपेल तिच्यावर ठरते आणि सहसा वाढवून मिळत नाही. शेवटच्या आठवड्याचे तिकीट काढण्यात किती जोखीम असते, ते २०२१ मध्ये दिसले. कॅनडाने २२ एप्रिलला भारतातून येणारी थेट विमाने थांबवली आणि ती पाच महिन्यांनी, सप्टेंबरअखेर सुरू झाली. त्या काळात हातात कन्फर्मेशन असलेली असंख्य कुटुंबे नोकरी सोडून, घर रिकामे करून अडकून पडली होती. महासाथ रोज येत नाही, पण मुलीचा ताप किंवा रद्द झालेले विमान एवढेही पुरते. मुदतीआधी दोन-तीन आठवडे हातात असावेत.

आता वाड्याकडे. ऑगस्ट की नोव्हेंबर, याचा निर्णय खरे तर तोच करणार आहे.

जुनी घरे आणि जमिनी विकल्यावर होणाऱ्या भांडवली नफ्यावर २३ जुलै २०२४ पासून १२.५ टक्के कर आहे आणि त्यात महागाई निर्देशांकाचा फायदा मिळत नाही. त्या तारखेआधी घेतलेल्या मिळकतींसाठी जुना मार्गही खुला ठेवला आहे : निर्देशांक लावून २० टक्के. दोन्हींपैकी कमी पडेल तेवढाच कर द्यायचा. मात्र ही सवलत फक्त निवासी व्यक्तींना आणि हिंदू अविभक्त कुटुंबांना आहे. अनिवासी माणसाला ती मिळत नाही, आणि परदेशी निघालेल्या घरांत नेमके हेच कलम नजरेतून सुटते.

फरक किती पडतो? समजा, हिस्स्याचे १ कोटी रुपये येणार आहेत आणि मूळ किंमत म्हणून धरायची त्याची १ एप्रिल २००१ रोजीची रास्त किंमत २० लाख निघाली. निर्देशांकाविना नफा ८० लाख, कर १० लाख. २०२५-२६ च्या ३७६ या निर्देशांकाने तेच २० लाख ७५ लाख २० हजार होतात, नफा २४ लाख ८० हजारांवर येतो आणि कर ४ लाख ९६ हजार. अधिभार आणि उपकर वेगळे. हिस्सा वारशाने आला असला तरी निर्देशांक पूर्वीच्या मालकाच्या काळापासून मोजता येतो, असा मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आहे. २००१ च्या किमतीसाठी नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल आत्ताच करून घ्यावा. वाडा पाडल्यावर मोजायला काही उरत नाही.

निवासी कोण, हे आर्थिक वर्षातल्या दिवसांवर ठरते. १ एप्रिल ते २८ सप्टेंबर हे १८१ दिवस. २९ सप्टेंबरलाही भारतात असलेला माणूस १८२ दिवस पूर्ण करतो आणि त्या पूर्ण वर्षासाठी निवासी ठरतो, मग तो नोव्हेंबरात गेला तरी. ऑगस्टमध्ये नोकरीसाठी देश सोडला, तर ऑक्टोबरातले खरेदीखत अनिवासी माणसाचे होईल. सही मुखत्याराने केली म्हणून मालकाचा दर्जा बदलत नाही. शिवाय निवासी विक्रेत्याच्या ५० लाख किंवा अधिकच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का टीडीएस कापतो. अनिवासी विक्रेता असला की हीच कपात भांडवली नफ्याच्या दराने, म्हणजे १२.५ टक्के अधिक अधिभार-उपकर, आणि कमी कपातीचा दाखला नसेल तर बहुधा पूर्ण रकमेवर होते. जास्तीचे पैसे परत मिळतात, पण विवरणपत्र भरून, परतावा येईपर्यंत थांबून. आणि कॅनडात पहिले घरभाडे भरायचे असते तेव्हाच ते इथे अडकलेले असतात.

म्हणून या कुटुंबाला सल्ला असा : गणपती, दसरा, दिवाळी घरी करावी, खरेदीखत ऑक्टोबरात स्वतः हजर राहून नोंदवावे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात तिघांनी निघावे. कसब्याच्या ग्रामदैवताचा उत्सव करून निघण्याचे समाधान वेगळे, त्याला कुठल्या तक्त्यात रकाना नाही. मुलीच्या शाळेची धास्ती नको. तिथल्या सरकारी शाळा वर्षाच्या मध्येही प्रवेश देतात. या बेतात एक बोजा आहे. वर्षभर निवासी ठरल्याने नोव्हेंबर ते मार्चचा कॅनडातला पगारही भारतीय विवरणपत्रात दाखवावा लागेल. त्यावर तिथे भरलेल्या कराची वजावट दुहेरी कर टाळण्याच्या करारानुसार मिळते, तेव्हा तिकडच्या पगाराच्या आणि कराच्या पावत्या जपाव्यात.

खरेदीखत नोव्हेंबरअखेरपर्यंत रखडले तर? बिल्डरच्या तारखा पुढे सरकतात, हे पेठेत कुणाला नवे नाही. तेव्हा तिघांनी मुदतीत जाऊन पीआर म्हणून उतरावे आणि पतीने काही दिवसांत परत यावे. सप्टेंबरअखेरपर्यंत तो इथेच असल्याने त्याचा निवासी दर्जा शाबूत राहतो. खरेदीखत फक्त ३१ मार्चच्या आत व्हायला हवे. पीआर टिकवायला पाच वर्षांत ७३० दिवस कॅनडात राहण्याच्या अटीत एवढी ये-जा सहज बसते. अडचण कार्डाची. पीआर कार्ड टपालाने फक्त कॅनडातल्या पत्त्यावर येते, तो पत्ता उतरल्यापासून १८० दिवसांत द्यावा लागतो, आणि कार्डाशिवाय परतीच्या विमानात बसू देत नाहीत. भारतात असताना कार्ड हाती नसेल, तर प्रवासाचा वेगळा परवाना काढावा लागतो. पत्नी तिथेच राहिली तर ती कार्ड घेऊन ठेवू शकेल.

पहिल्याच दिवशी विमानतळावर नंतर येणाऱ्या सामानाची यादीही द्यावी लागते. तांबट आळीतली घंगाळी, आजीचे दागिने, पुस्तके, जे पुढे न्यायचे ते त्याच यादीत, किमतीसह लिहावे. दागिन्यांचे फोटो आणि सराफाचे मूल्यांकन सोबत ठेवावे. राहून गेलेल्या वस्तूवर पुढे सीमाशुल्क लागू शकते.

पैसे मात्र घाईने पाठवू नयेत. निवासी असताना वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात, पण १० लाख रुपयांवरच्या रकमेवर २० टक्के टीसीएस (बँकेने आगाऊ वसूल करायचा कर) आधी कापला जातो. कायमचे निघाल्यावर बचत खाते एनआरओ (अनिवासी खाते) करून घेतले की त्यातून वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत रक्कम कराचे दाखले देऊन पाठवता येते आणि हा टीसीएस लागत नाही. उरलेल्या कामांसाठी घरातल्या विश्वासू माणसाला द्यायचे मुखत्यारपत्र निघण्यापूर्वी पुण्यातच नोंदवावे. तेच कॅनडातून पाठवले तर वकिलातीत किंवा नोटरीपुढे साक्षांकन करावे लागते आणि कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते.