तारेतील वेग कोठे अडतो?

ग्रामपंचायतीचे कार्यालय असो, शाळेतील संगणक खोली असो की शिक्षकाचे राहते घर असो, तारेने आलेली इंटरनेट जोडणी या तिन्ही ठिकाणी आता नित्याच्या कामाचे साधन झाली आहे. दाखले काढणे, विद्यार्थ्यांचे अर्ज भरणे, निरनिराळी माहितीपत्रके वरिष्ठ कार्यालयाकडे पाठविणे ही कामे तिच्यावरच अवलंबून असतात. जोडणी मंदावली की संगणकापुढे बसलेला कर्मचारी खोळंबतो आणि त्याच्याबरोबरच दिवसाची मजुरी बुडवून आलेला नागरिकही खोळंबतो. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा ठराविक मुदतीत मिळणे हा नागरिकाचा हक्क आहे. त्यामुळे ‘नेट चालत नाही’ एवढे सांगून या प्रश्नातून सुटका होत नाही.

अशा वेळी सामान्यतः दोनच मार्ग सुचविले जातात. एक, सेवा देणाऱ्या कंपनीला दोष देणे; दुसरा, अधिक वेगाची व अधिक दराची योजना घेणे. पहिल्यात वेळ जातो, दुसऱ्यात पैसा जातो. परंतु पुष्कळदा दोष कंपनीच्या लांबवर पसरलेल्या जाळ्यात नसून भिंतीवरील पेटीपासून संगणकापर्यंतच्या दहावीस मीटर तारेत असतो. तेथील दोष महागड्या योजनेने दूर होत नाही. म्हणून दुरुस्तीपूर्वी दोषाची जागा मोजून निश्चित करणे हेच या कामाचे मुख्य सूत्र होय.

जोडणीचे चार टप्पे

केंद्र शासनाने २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. पुढे ‘भारतनेट’ या नावाने ती ओळखली जाऊ लागली. ग्रामपंचायतीपर्यंत प्रकाशतंतू नेऊन तेथे १०० मेगाबिट प्रतिसेकंद वेगाची जोडणी देणे हे तिचे उद्दिष्ट ठरविण्यात आले. शहरांत व मोठ्या गावांत खाजगी व सार्वजनिक कंपन्यांचे तंतूही घरापर्यंत आले आहेत. तंतू कोणाचाही असो, माहितीच्या प्रवासाचे टप्पे चारच असतात. पहिला टप्पा ज्या संकेतस्थळावर काम करावयाचे त्याचा दूरचा संगणक. दुसरा, तेथपासून आपल्या भिंतीवरील पेटीपर्यंतचे कंपनीचे जाळे. तिसरा, राउटर व स्विच ही आपल्या जागेतील उपकरणे. आणि चौथा, तांब्याची केबल व प्रत्यक्ष संगणक. शेवटचे दोन टप्पे पूर्णतः आपल्या हातातील आहेत.

या तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या पद्धतीस ईथरनेट म्हणतात. अमेरिकेतील झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७३ पासून ती विकसित केली. १०० मेगाबिट वेगाचे मानक १९९५ मध्ये, तर पिळाच्या तांब्याच्या तारेवर १,००० मेगाबिट वेगाचे मानक १९९९ मध्ये निश्चित झाले. ही दोन्ही मानके आजही शेजारीशेजारी वापरात आहेत आणि मंद वेगाच्या कित्येक तक्रारींचे मूळ तेथेच सापडते.

वेगाचे माप

कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, तर संगणक फाइलचा आकार मेगाबाइटमध्ये दाखवितो. ८ बिट मिळून एक बाइट होतो. त्यामुळे १०० मेगाबिटच्या जोडणीवर सेकंदाला १२.५ मेगाबाइटहून अधिक माहिती येऊच शकत नाही. ७०० मेगाबाइटची फाइल उतरविण्यास अशा जोडणीवर किमान ५६ सेकंद लागतात. १० मेगाबिटच्या जोडणीवर तिलाच नऊ मिनिटांहून अधिक काळ लागेल. हा हिशेब ध्यानात घेतला तर काही तक्रारी नोंदविण्यापूर्वीच मिटतात.

तक्रार नेमकी करणे

तपासणीच्या आरंभी तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. एकच संकेतस्थळ मंद आहे की सर्वच? एकच संगणक मंद आहे की सर्वच? मंदपणा दिवसभर असतो की ठराविक वेळीच? अर्ज भरण्याच्या अखेरच्या दिवशी एकच संकेतस्थळ रखडत असेल आणि बाकीची सुरळीत उघडत असतील, तर अडचण पहिल्या टप्प्यात आहे. तारा बदलून तिचा काही उपयोग नाही. एकच संगणक मंद असेल तर त्याची केबल अथवा तो संगणकच तपासावा. सायंकाळी मात्र सर्वच संगणक मंदावत असतील, तर एक तर जागेतील वापर वाढलेला असतो किंवा कंपनीच्या जाळ्यावर गर्दी झालेली असते.

थेट मापन

यानंतर एक सुस्थितीतील संगणक आणि खात्रीची, दोन मीटरपेक्षा अधिक लांब नसलेली केबल घ्यावी. संगणक थेट राउटरला जोडावा. त्याचे वायफाय बंद करावे, इतर सर्व तारा तात्पुरत्या काढाव्यात, राउटरचे वायफायही थोडा वेळ थांबवावे. मग वेग मोजावा. हेच मापन सकाळी, दुपारी व सायंकाळी करावे. येथे योजनेइतका वेग मिळाला, तर कंपनीचे जाळे निर्दोष असून दोष आपल्या जागेत आहे असे समजावे. येथेही वेग कमी असेल, तर तक्रारीला भक्कम आधार मिळाला. नंतर नेहमीचा स्विच, नेहमीची केबल व नेहमीचा संगणक एकेक करून परत जोडावा आणि प्रत्येक वेळी मापन करावे. एका वेळी एकच बदल, हा नियम मोडू नये. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर जोडणी कदाचित सुधारेल, परंतु कशामुळे सुधारली हे कळणार नाही.

९४ या आकड्याचा अर्थ

समजा एका शाळेने ३०० मेगाबिटची योजना घेतली आहे. राउटरजवळ ३०० चा आकडा मिळतो, परंतु संगणक खोलीत मात्र तो कितीही वेळा मोजला तरी ९४ च्या आसपासच राहतो. हा आकडा योगायोगाचा नव्हे. ईथरनेटच्या तारेवर प्रत्येक पूर्ण पाकिटासाठी १,५३८ बाइटांची जागा लागते व त्यात उपयोगाची माहिती १,४६० बाइट असते. म्हणजे १०० मेगाबिटच्या तारेवर हाती पडणारा वेग सुमारे ९५ च्या पुढे जात नाही. मापन ९४ वर खिळून राहिले, तर मार्गात कोठेतरी १०० मेगाबिटचा अडथळा आहे हे निश्चित समजावे. संगणकातील जाळ्याच्या माहितीत ‘लिंक स्पीड’ पाहिल्यास तेथे १०० हा आकडा दिसेल. हाच न्याय ९ मेगाबिटच्या थोड्या वर अडणाऱ्या मापनालाही लागू पडतो. तेथे तार १० मेगाबिटवर चाललेली असण्याचा संभव असतो.

हा अडथळा तीन प्रकारांनी निर्माण होतो. जुना स्विच किंवा जुन्या संगणकाचे जाळेपत्र १०० मेगाबिटपुरतेच असते. कधी कोणी संगणकाच्या मांडणीत वेग हाताने ठरवून ठेवलेला असतो. तेथे ‘ऑटो’ हाच पर्याय दोन्ही टोकांना ठेवावा, कारण एक टोक ठरीव व दुसरे ‘ऑटो’ असल्यास दोन्ही उपकरणांचा मेळ बसत नाही आणि जोडणी चालू दिसूनही रखडते. तिसरे कारण केबलचे, आणि त्याचा विचार थोडा विस्ताराने करावयास हवा.

केबलची परीक्षा

केबलच्या आवरणात नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. १०० मेगाबिटला नारिंगी व हिरवी या दोनच जोड्या पुरतात. १,००० मेगाबिटला मात्र चारही लागतात. निळ्या वा तपकिरी जोडीतील एक तार तुटली तर बहुतेक उपकरणे जोडणी बंद न पाडता मुकाट्याने १०० वर उतरतात. दिवा लागलेला असतो, काम चालू असते. फक्त वेग घटलेला असतो. काटकसर म्हणून एकाच केबलमधील दोन-दोन जोड्या वाटून दोन संगणक चालविले असतील, तरी परिणाम हाच होतो.

टोकाचा कनेक्टर बसविताना रंगांचा क्रम महत्त्वाचा असतो. नेहमीच्या पद्धतीत तो पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी असा आहे. काही कारागीर एकामागून एक जोडी सरळ बसवितात. दोन्ही टोकांना क्रम सारखाच असल्याने आठ दिव्यांचे स्वस्त तपासणी यंत्र ‘सर्व ठीक’ असेच दाखविते. परंतु एका संकेताच्या दोन तारा दोन वेगळ्या पिळांत गेल्यामुळे शेजारच्या तारांचे संकेत त्यात मिसळतात व पाकिटे गळू लागतात. पिळामुळे बाहेरील व शेजारील गोंगाट परस्पर नाहीसा होतो. म्हणून टोकाशी पीळ १३ मिलिमीटरपेक्षा अधिक उलगडू नये.

खरेदी करताना तार शुद्ध तांब्याची आहे याची खात्री करावी. अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली तार स्वस्त पडते, परंतु तिचा विद्युत रोध अधिक असतो व ती वाकविल्यास लवकर तुटते. चाकूने तार खरवडल्यास आतील पांढुरका धातू लगेच दिसतो. तांब्याच्या एका पल्ल्याची लांबी १०० मीटरच्या आत असावी, विजेच्या वायरी व ही केबल एकाच पाइपातून नेऊ नयेत, आणि उन्हात जाणारी केबल बाहेरच्या वापरासाठी बनविलेली असावी. दोन इमारती जोडावयाच्या असल्यास आकाशातील विजेचा धोका ध्यानात घेऊन प्रकाशतंतू वापरणे श्रेयस्कर. उंदरांनी कुरतडलेली जागाही नजरेखालून घालावी.

विलंब, गळती आणि गर्दी

दाखल्याचा अर्ज भरण्यास फार मोठा वेग लागत नाही. तेथे महत्त्व असते ते हाकेला उत्तर किती लवकर येते याला. ‘पिंग’ या आज्ञेने हे मोजता येते. प्रथम राउटरच्या पत्त्यावर शंभर संदेश पाठवावेत. सुस्थितीतील तारेवर उत्तर एक-दोन मिलिसेकंदांत येते व एकही संदेश हरवत नाही. येथेच संदेश हरवत असतील तर दोष खोलीतच आहे. नंतर बाहेरील पत्त्यावर हीच चाचणी करावी. प्रकाश तंतूतून सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे ८०० किलोमीटर जाऊन परत येण्यास त्याला अवघे ८ मिलिसेकंद पुरतात. शेकडो मिलिसेकंदांचा विलंब अंतरामुळे नव्हे, तर वाटेतील रांगेमुळे होत असतो.

ही रांग अनेकदा आपल्याच राउटरमध्ये लागते. कॅमेऱ्यांचे चित्रण बाहेर साठविले जात असेल किंवा भ्रमणध्वनीतील छायाचित्रांच्या प्रती चढविल्या जात असतील, तर चढता मार्ग भरून जातो आणि साध्या विनंत्याही त्यामागे ताटकळतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दोषाकडे लक्ष वेधून त्याला ‘बफरब्लोट’ हे नाव दिले. मोठी फाइल चढवीत असताना पिंग चालू ठेवावे. १० मिलिसेकंदांचा आकडा ३०० वर गेला तर निदान झाले. मोठी कामे रात्रीवर टाकणे, अथवा राउटरमध्ये वेगाची मर्यादा प्रत्यक्ष वेगाच्या सुमारे नऊ-दशांश इतकी ठेवणे, हे त्यावरील बिनखर्ची उपाय होत.

शाळांत आणखी एक अपघात संभवतो. साफसफाईनंतर मोकळे दिसलेले केबलचे टोक कोणी त्याच स्विचमध्ये खोचते. तारेचे वर्तुळ पूर्ण होऊन तेच संदेश अखंड फिरत राहतात व साध्या स्विचवरील सर्व संगणक एकदम ठप्प होतात. म्हणून प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांकाची चिठ्ठी लावावी.

नोंदवही व तक्रार

दिनांक, वेळ, कोठे मोजले, उतरता व चढता वेग, पिंगचा विलंब, हरवलेले संदेश आणि केलेला बदल असे सात रकाने आखलेली एक वही राउटरजवळ ठेवावी. दोष कंपनीच्या टप्प्यात आढळल्यास या नोंदींसह तक्रार करून तक्रार क्रमांक घ्यावा. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१२ मध्ये केलेल्या विनियमांनुसार प्रथम कंपनीचे तक्रार केंद्र व त्यानंतर तिचेच अपील प्राधिकारी अशी दोन स्तरांची व्यवस्था आहे. ‘नेट फार मंद आहे’ या तक्रारीपेक्षा ‘थेट राउटरवर तीन दिवस, तिन्ही वेळी एवढाच वेग मिळाला’ या तक्रारीस उत्तर देणे कंपनीस भाग पडते.

नवीन योजनेचा ठराव मासिक सभेपुढे येईल तेव्हा सदस्यांनी प्रथम ही वही मागवावी. आठपैकी एक तार तुटल्यामुळे घटलेला वेग दुप्पट दराच्या योजनेने वाढत नाही. त्यासाठी एक कनेक्टर व कारागिराचा थोडा वेळ पुरतो. सार्वजनिक पैसा आणि दारात उभ्या असलेल्या माणसाचा वेळ या दोहोंची बचत अशा मोजून केलेल्या तपासणीनेच साधेल.