जीवनसत्त्वांच्या कारखान्याची रीत

औषधांच्या दुकानांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या आज सहज मिळतात. त्यांचे गुण सांगणारे पुष्कळ आहेत. परंतु त्या बनतात कशा, आणि बनविणाऱ्यास कोणते निर्णय घ्यावे लागतात, याचा विचार क्वचितच होतो. प्रस्तुत लेखांत तोच विचार आम्ही वाचकांपुढें ठेवीत आहों.

'क' जीवनसत्त्वाचें उदाहरण घेऊं. आवळा, पेरू, लिंबू यांत तें निसर्गतःच असतें. पण 1933 सालीं झुरिच येथें टाडेउस राइखस्टाइन या शास्त्रज्ञानें तें रसायनशाळेंत तयार केलें, व 1934 सालीं बाझल येथील रोश कंपनीनें त्याच्या रीतीनें तें विक्रीसाठीं बनविण्यास आरंभ केला. या रीतींतील मूळ द्रव्य फळ नव्हे, तर ग्लुकोज नांवाची साखर होय. प्रथम तिचा हायड्रोजनशीं संयोग करून सॉर्बिटॉल करितात. मग विशिष्ट जंतूंकडून त्याचें सॉर्बोज करवितात. हें काम सूक्ष्म जंतू फार अचूकपणें करितात. त्यानंतर अ‍ॅसिटोनचें आवरण, प्राणवायूचा संयोग आणि शेवटचें रूपांतर, अशा एकंदर पांच मुख्य पायऱ्या म्हणतां येतील.

आतां थोडें गणित करूं. समजा, प्रत्येक पायरीस 100 पैकीं 90 भाग हातीं लागतात. पहिलीनंतर 90, दुसरीनंतर 81, तिसरीनंतर सुमारें 73, चौथीनंतर सुमारें 66 आणि पांचवीनंतर केवळ 59 भाग उरतील. तेंच प्रत्येक पायरीस 95 भाग मिळाले, तर शेवटीं 77 उरतील. प्रत्येक ठिकाणची अल्प सुधारणा अखेरीस केवढी होते पाहा! म्हणून शहाणा कारखानदार एक तर प्रत्येक पायरी सुधारतो, नाहीं तर पायऱ्याच कमी करितो. 1970 नंतरच्या दशकांत चिनी शास्त्रज्ञांनीं जंतूंकडूनच आणखी एक पायरी करवून घेऊन मधल्या कांहीं रासायनिक क्रिया गाळल्या. आज जगांतील बहुतेक 'क' जीवनसत्त्व चीनमध्यें तयार होतें. माल स्वस्त झाला हें खरें. परंतु जगाची गरज एकाच देशावर अवलंबून राहिली, हेंही तितकेंच खरें. यास्तव इतर देशांतील गोळ्या बनविणाऱ्यांनीं दुसरा पुरवठादार आधींच पाहून ठेवावा, आणि आलेला माल तपासल्यावांचून वापरूं नये.

पुढचें काम मिश्रणाचें. कांहीं जीवनसत्त्वें एका गोळींत इतकीं थोडीं घालावयाचीं असतात कीं, तीं एकदम मोठ्या राशींत टाकल्यास एका गोळींत अधिक व दुसरींत कांहींच नाहीं, असा प्रकार होईल. आपल्या घरीं लाडवांसाठीं वेलदोडे थोड्या साखरेबरोबर कुटतात व मग ती पूड सर्व रव्यांत मिसळतात. कारखान्यांतही तसेंच: प्रथम थोड्या भुकटींत, मग अधिक भुकटींत. शिवाय उष्णता, दमट हवा व प्राणवायु यांनीं 'क' जीवनसत्त्व हळूहळू नाश पावतें. वेष्टनावर छापलेलें प्रमाण शेवटच्या तारखेपर्यंत टिकावें म्हणून आरंभीं तें किंचित् अधिक घालावें लागतें. किती अधिक, हें अंदाजानें नव्हे तर परीक्षेनें ठरवितात.

काटकसर हा गुण खरा. पण ती कोठें करावी याचा विवेक हवा. 1989 सालीं अमेरिकेंत ट्रिप्टोफॅन नांवाचें पूरक द्रव्य घेणाऱ्या लोकांस स्नायूंच्या तीव्र वेदनांचा एक विलक्षण रोग जडला. 1500 हून अधिक माणसें आजारी पडलीं व 30 हून अधिक दगावलीं. शोधाअंतीं बहुतेक माल जपानांतील शोवा डेंको या एकाच कंपनीचा निघाला. तिनें त्या सुमारास जंतूंची नवी जात वापरण्यास घेतली होती, आणि माल शुद्ध करण्याच्या कोळशाचें प्रमाणही कमी केलें होतें. मालांत सूक्ष्म अशुद्ध द्रव्यें आढळलीं. यांपैकीं नेमक्या कोणत्या कारणानें अनर्थ झाला याविषयीं शास्त्रज्ञांत एकमत झालें नाहीं. तथापि, रीत बदलली कीं माल पुन्हां नव्यानें तपासला पाहिजे, हा धडा सर्वांस मिळाला. प्रत्येक घाण्याचे क्रमांक व नोंदी होत्या, म्हणूनच माग मूळ कारखान्यापर्यंत लागला, हेंही विसरतां कामा नये.

गोळी घेणारा ती उघडून पाहूं शकत नाहीं. तो वेष्टनावरील अक्षरांवर विश्वास ठेवतो. त्या विश्वासाचें रक्षण वजन करणारा, मिसळणारा व वहींत नोंद लिहिणारा या सर्वांच्या हातीं असतें. पालकांनीं गोळ्या वैद्याच्या सल्ल्यानेंच द्याव्या आणि शेवटची तारीख पाहूनच घ्याव्या. विद्यार्थ्यांस आमचें इतकेंच सांगणें कीं, पांच पायऱ्यांचें वरील गणित केवळ कारखान्याचें नव्हे. रोजच्या अभ्यासासही तें तंतोतंत लागू पडतें.