पावसाळ्याचे आजारपण आणि सपाट चमचा



आषाढात माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी येते, तोवर पावसाळा लागलेला असतो. पाणी गढूळ होतं, माशा वाढतात आणि वर्गात गैरहजरीही.

गेल्या वर्षी माझीच धाकटी जुलाबाने आडवी झाली. मी शाळेत, घरी सासूबाई. "पाणी दिलं की जास्तच होतंय," म्हणून त्यांनी पाणी थांबवलं. दुपारी आले तर पोरीची जीभ कोरडी, डोळे खोल गेलेले. त्यांना काय बोलू? रजा मीच टाकली नव्हती.

तर बघा, जुलाबात पाणी बंद करायचं नाही. ओआरएसचं पाकीट नसेल तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सपाट ६ चमचे साखर आणि अर्धाच चमचा मीठ. मीठ जास्त झालं तर अपाय होतो. घोट घोट पाजा. उलटी झाली तर १० मिनिटांनी पुन्हा. अंगावरचं दूध, मऊ भात चालूच ठेवा. शौचातून रक्त, सुस्ती किंवा लघवी बंद दिसली की थेट दवाखाना.

आता चौथीला मापन शिकवताना हेच पाणी वर्गात करून घेते. घरी सासूबाई चमचा सुरीने सपाट करतात.