मांजराचा ‘कोरोना पॉझिटिव्ह’ रिपोर्ट

मांजराच्या रक्ताच्या रिपोर्टवर ‘कोरोना पॉझिटिव्ह’ असं छापून आलं की मालक घाबरून पहिलं विचारतात ते, आता याला सोडायचं कुठे? काही जण थेट दयामरणाची गोष्ट काढतात. मांजर मात्र तेव्हा खिडकीत बसून अंग चाटत असतं, दोन्ही वेळा वाटी चाटूनपुसून साफ करत असतं. वाचकहो, धडधाकट मांजराच्या अशा रिपोर्टवरून काहीही ठरवू नका. ते जगणार की मरणार हे त्यातून कळत नाही आणि तुमच्या घराला धोका आहे असंही सिद्ध होत नाही.

हा विषाणू मांजरांचाच आहे. कोविडचा विषाणू वेगळ्या गटातला. मांजरांच्या विषाणूमुळे होणाऱ्या गंभीर आजाराचं वर्णन बोस्टनमध्ये जीन होल्झवर्थ यांनी १९६३ सालीच केलं होतं. माणसाला तो होत नाही. एका मांजराच्या विष्ठेतून हा विषाणू दुसऱ्याच्या तोंडात जातो, आणि चार-पाच मांजरं एकाच लिटर ट्रेवर जात असतील तर त्या घरात बहुतेक सगळ्यांच्या रक्तात अँटीबॉडी सापडतात. बहुतेकांना काहीच होत नाही, काहींना दोन-चार दिवस पातळ शी होते. लागण झालेल्यांपैकी फार तर दहा टक्के मांजरांच्या शरीरात या विषाणूत बदल होतो, तो आतड्यातून निघून पांढऱ्या पेशींत वाढू लागतो आणि मग फेलाइन इन्फेक्शियस पेरिटोनायटिस, म्हणजे एफआयपी हा जीवघेणा आजार होतो. अँटीबॉडीचा आकडा इतकंच सांगतो की मांजराची या विषाणूशी कधीतरी गाठ पडली होती. बदल झाला की नाही, हे तो सांगूच शकत नाही. आकडा मोठा असलेली ठणठणीत मांजरं पुष्कळ असतात. उलट एफआयपीने खंगलेल्या मांजराचा आकडा कमीही निघू शकतो. म्हणून निरोगी मांजराची ही तपासणी ‘करून टाकू एकदा’ म्हणून करू नये. पैसे जातात आणि घरात विनाकारण भीती शिरते.

घरात लहान मुलं आहेत, धोका कशाला पत्करायचा, असं यावर कुणी म्हणेल. मांजरांना कोविड झाल्याच्या नोंदी आहेत हे खरं, पण तो बहुतेक वेळा घरातल्या आजारी माणसाकडून त्यांच्याकडे गेला. उलट दिशेचं उदाहरण थायलंडमध्ये २०२१ साली घडलं. कोविड झालेल्या मालकांचं मांजर तपासताना ते पशुवैद्याच्या तोंडावर शिंकलं होतं. असं क्वचित होतं, आणि तुमच्या हातातल्या रिपोर्टमधला विषाणू तो नव्हेच. दुसरा आक्षेप सायप्रसचा. २०२३ मध्ये त्या बेटावर एफआयपीने हजारो मांजरं गेली, ती साथ एका मांजराकडून दुसऱ्याकडे सरळ पसरत होती, मग आपल्याकडे का नाही पसरणार? त्या साथीतला विषाणू कुत्र्यांच्या कोरोना विषाणूशी संकर होऊन तयार झालेला, अगदी वेगळा होता. नेहमीच्या एफआयपीतला बदललेला विषाणू सहसा त्या मांजरापुरताच राहतो. शिवाय सायप्रसच्या सरकारने माणसांसाठी साठवलेल्या कोविडच्या गोळ्या मांजरांच्या उपचारांसाठी खुल्या केल्या, हेही ती बातमी सांगताना विसरू नये.

जिथे घाबरायला हवं तिथे मात्र दिरंगाई होते, आणि याचा मला खरोखर राग येतो. दोन वर्षांच्या आतलं मांजर, ताप आठवडाभर हटत नाही, अँटिबायोटिक देऊनही उतरत नाही, खेळणं थांबलंय, वजन घटतंय, ही लक्षणं थांबून पाहण्याची नाहीत. पोट हळूहळू फुगतं तेव्हा घरचे म्हणतात गाभण असेल, जंत झाले असतील. पाठीवरून हात फिरवून पाहा. मणके आणि कमरेची हाडं हाताला टोचत असतील आणि पोट मात्र पखालीसारखं भरलेलं असेल, तर आत पाणी साठलेलं असू शकतं. डॉक्टर सुईने ते काढतात तेव्हा ते पिवळसर आणि चिकट निघतं, बोटांमध्ये धरलं तर तार येते. ऊर्ध्वपातित पाण्यात अॅसेटिक अॅसिडचा थेंब टाकून त्यावर या पाण्याचा थेंब सोडला की तो विरघळत नाही, तसाच आकार धरून तरंगत राहतो. यावर पूर्ण विसंबता येत नाही. त्या पाण्याची पीसीआर तपासणी आणि रक्तातल्या अल्ब्युमिन-ग्लोब्युलिनचं प्रमाण जोडून पाहावं लागतं. पाणी न होता येणारा कोरडा प्रकार जास्त फसवा असतो. डोळ्याचा रंग बदलतो, डोळा गढूळ दिसतो, चाल लटपटते, झटके येतात. आणि मांजर तोंड उघडून धापा टाकत असेल तर छातीत पाणी असू शकतं. सकाळपर्यंत थांबू नका.

ताप आहे म्हणून घरातली पॅरासिटामॉल देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, ती मांजराला विष आहे. तिचा निचरा करण्याची क्षमता मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच, आणि एक गोळीही जीव घेते. हळद, गोमूत्र, व्हिडिओत पाहिलेले काढे यांनी एफआयपी हटत नाही, फक्त दिवस वाया जातात. ताकदीची म्हणून टोचलेली स्टेरॉइडची इंजेक्शनं चार दिवस भूक वाढवतात आणि खरा आजार झाकून ठेवतात.

आणि हा आजार आता बरा होतो. २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नील्स पेडरसन यांच्या गटाने जीएस-४४१५२४ हे औषध एफआयपी झालेल्या ३१ मांजरांना दिलं. २५ मांजरं दीर्घकाळ जगली. त्याआधी हे निदान म्हणजे जवळपास मृत्यूच होता. तेव्हा ‘पैसे घालून उपयोग काय’ हा जुना सल्ला देणाऱ्यांचं ऐकू नका. खर्च मोठा आहे, हे खरं. पण त्यावर तोड म्हणून इंटरनेटवरून बिनलेबलची बाटली मागवून अंदाजाने टोचणं घातक आहे. डोस वजनावर ठरतो, बरं होणारं पिल्लू भराभर वजन धरतं, म्हणून दर आठवड्याला वजन करून डोस वाढवावा लागतो. डोळ्यांत किंवा मेंदूत आजार असेल तर मुळातच जास्त लागतो. कोर्स सहसा बारा आठवड्यांचा असतो. म्युनिकच्या २०२४ च्या अभ्यासात पोटात किंवा छातीत पाणी झालेल्या मांजरांना सहा आठवडेही पुरले, पण ती देखरेखीखाली होती. मांजर खायला लागलं म्हणून तिसऱ्या आठवड्यात औषध बंद करण्याचा तो परवाना नाही.

घरातल्या बाकीच्या मांजरांना बाहेर काढायची गरज नाही. मांजरांच्या संख्येपेक्षा एक ट्रे जास्त ठेवा, दररोज साफ करा, खाण्याच्या वाट्या ट्रेपासून लांब ठेवा. ट्रे पातळ केलेल्या ब्लीचने धुऊन, भरपूर पाण्याने खंगाळून वाळवा. फिनाईल वापरू नका, तेही मांजरांना बाधतं. दरवर्षी टोचली जाणारी ट्रायकॅट लस या विषाणूसाठी नाही, पण इतर तीन आजारांसाठी ती चुकवू नका.