गाडीतील बिनतारी संच : जोडणी आणि बिघाडशोध

प्रस्तावना

डिसेंबर-जानेवारीत दिल्ली, नोएडा, गाझियाबाद या परिसरावर पहाटे दाट धुके उतरते. आझादपूरच्या मंडईकडे भाजीपाला घेऊन निघालेल्या पिकअपच्या चालकाला पुढचा रस्ता नीट दिसत नाही. अशा वेळी पुढे गेलेल्या गाडीतून ‘रस्त्यात वाहन आडवे आहे, वेग कमी करा’ एवढा निरोप वेळेवर आला, तर प्राण वाचू शकतात. फोन एका वेळी साधारणतः एकालाच लागतो. बिनतारी संचावर बोललेले शब्द टप्प्यातील त्या चॅनेलवरच्या सर्वांना ऐकू जातात. मात्र जोडणी सदोष असेल, तर हाच संच नेमक्या वेळी मुका होतो.

उद्दिष्टे

या पाठाच्या अभ्यासानंतर तुम्हांला :

- ‘सिटिझन बँड’ म्हणजे काय व त्यासंबंधीचे नियम कोणते, हे सांगता येईल;
- संचाच्या जोडणीचा क्रम स्पष्ट करता येईल;
- बिघाडाचे कारण क्रमाने शोधता येईल.

मूळ पाठ

१. सिटिझन बँड म्हणजे काय?

सर्वसामान्य नागरिकांना थोड्या अंतरावर संभाषण करता यावे, म्हणून राखलेल्या रेडिओलहरींच्या पट्ट्याला ‘सिटिझन बँड’ किंवा ‘सीबी’ म्हणतात. अमेरिकेत १९५८ मध्ये २७ मेगाहर्ट्‌झच्या आसपासचा पट्टा या कामासाठी खुला झाला आणि १९७० च्या दशकात तेथील ट्रकचालकांनी तो घरोघरी पोहोचवला. भारतात मात्र तो मालवाहतुकीत फारसा रुजला नाही.

भारतात २६.९५७ ते २७.२८३ मेगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, ५ वॅटच्या मर्यादेत, परवान्यातून सूट आहे. ही सूट सशर्त आहे. आपल्या संचाचा इतरांच्या संदेशवहनाला अडथळा होता कामा नये आणि इतरांचा अडथळा आपल्याला झाल्यास संरक्षण मागता येत नाही. संच मान्यताप्राप्त आहे का आणि गाडीच्या छतावरील स्वतंत्र अँटेना या अटींत बसतो का, याची खात्री दूरसंचार विभागाच्या बिनतारी नियोजन व समन्वय शाखेकडून आधीच करून घ्यावी. ही शाखा नवी दिल्लीतील संचार भवनात आहे.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकी धर्तीच्या संचात ४० चॅनेल असतात. त्यांतील १ ते २७ हे चॅनेल भारतीय मर्यादेत येतात. २८ वा चॅनेल २७.२८५ मेगाहर्ट्‌झवर, म्हणजे मर्यादेच्या किंचित बाहेर पडतो. त्यापुढील चॅनेलही बाहेरचेच. म्हणून संचावर बटण आहे एवढ्यावरून ते दाबण्याची मुभा आहे, असे समजू नये.

२. जोडणी

*वीजपुरवठा :* प्रथम इंजिन बंद करून बॅटरीची ऋण तार सोडवावी. बहुतेक पिकअप गाड्यांची बॅटरी १२ व्होल्टची असते व तिचे ऋण टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. संचाची धन तार शक्यतो थेट बॅटरीपर्यंत न्यावी व फ्यूज बॅटरीच्या जवळ बसवावा. तार वाटेत घासून उघडी पडली, तर फ्यूज वितळतो आणि गाडी आगीपासून वाचते. फ्यूज किती अँपिअरचा असावा, हे संचाच्या माहितीपुस्तिकेत पाहावे. वितळलेल्या फ्यूजच्या जागी साधी तार गुंडाळणे म्हणजे पहारेकऱ्याला घरी पाठवण्यासारखे आहे.

*संचाची जागा :* संच चालकाच्या हाताशी असावा. परंतु त्याची तार सुकाणूचक्रात किंवा पायाखाली अडकू नये. एअरबॅगच्या मार्गात संच कधीही बसवू नये.

*अँटेना :* २७ मेगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे ११ मीटर असते. तिच्या चतुर्थांश लांबीचा, म्हणजे पावणेतीन मीटरचा अँटेना गाडीवर गैरसोयीचा ठरतो. म्हणून गुंडाळी घालून आखूड केलेला अँटेना वापरतात. अँटेनाच्या कार्यात गाडीचे लोखंडी अंगही सहभागी असते. छताचा मध्य ही त्यासाठी उत्तम जागा. अँटेना मागील हौद्यावर बसवल्यास हौदा व सांगाडा यांना विणलेल्या तांब्याच्या पट्टीने जोडावे. रंग वीज अडवतो. म्हणून जोडणीच्या जागेवरील रंग खरवडून धातू उघडा करावा व नंतर त्यावर गंजरोधक लावावे.

३. जुळणी

संचातून निघालेली शक्ती अँटेनातून पूर्णपणे बाहेर पडत नाही. जुळणी चुकल्यास तिचा काही भाग परत येतो. हे प्रमाण एसडब्ल्यूआर मीटरने मोजतात. १.५ पर्यंतचा आकडा चांगला, २ पर्यंतचा चालण्याजोगा समजावा. ३ च्या वर गेल्यास बोलणे थांबवावे, कारण त्यामुळे संच बिघडू शकतो. गाडी मोकळ्या जागेत उभी करून, दारे लावून, आधी वाहिनी मोकळी असल्याची खात्री करावी आणि चॅनेल १ व चॅनेल २७ यांवर मोजणी करावी. २७ वर आकडा अधिक आल्यास अँटेना लांब आहे. १ वर अधिक आल्यास तो आखूड आहे. लांबी एका वेळी थोडीच बदलावी. कापलेला धातू परत जोडता येत नाही.

४. बिघाड शोधताना

संच बंद पडला की तो उघडून पाहण्याचा मोह होतो. पण दोष बहुधा बाहेरच्या जोडण्यांत असतो. म्हणून साध्या कारणापासून अवघड कारणाकडे जावे.

- *दिवाच लागत नाही :* फ्यूज, बॅटरीची टोके व ऋण जोडणी पाहावी.
- *ऐकू येते, पण आपला आवाज पोहोचत नाही :* मायक्रोफोनचा प्लग व तार तपासावी, नंतर एसडब्ल्यूआर मोजावा.
- *काहीच ऐकू येत नाही :* ‘स्क्वेल्च’ ही खरखर दाबणारी कळ फार पुढे फिरवलेली असते. ती मागे घ्यावी.
- *इंजिनाच्या वेगासोबत चढणारी शिटी :* तिचे मूळ बहुधा अल्टरनेटरमध्ये असते. पेट्रोलगाडीतील टकटक ठिणगीच्या प्लगमुळे होते.

गोंगाट कोठून येतो, हे ओळखण्याची सोपी युक्ती आहे. केवळ ऐकत असताना अँटेनाची तार काढावी. गोंगाट थांबला तर तो अँटेनातून येत होता. चालूच राहिला तर तो विजेच्या तारेतून येत आहे. मात्र अँटेना काढलेला असताना बोलण्याची कळ कधीही दाबू नये.

५. जोडणीइतकेच बोलणे महत्त्वाचे

सीबीचा टप्पा काही किलोमीटरचाच असतो. शहरातील इमारती तो आणखी घटवतात. दूर अंतरासाठी परीक्षा देऊन परवाना घेणाऱ्या हौशी रेडिओचालकांचे क्षेत्र वेगळे आहे. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर नवी दिल्लीच्या भारती प्रसाद व त्यांचे सहकारी यांनी पोर्ट ब्लेअरहून बिनतारी संचांवर निरोप पोहोचवले, ते असेच परवानाधारक होते. दोन्ही क्षेत्रांत शिस्त मात्र एकच : आधी ऐकावे, मग थोडक्यात बोलावे, आणि वाहिनी इतरांसाठी मोकळी करावी.

आपण काय शिकलो?

- संचाचा उपयोग त्याच्या शक्तीइतकाच वीजपुरवठा, ऋण जोडणी व अँटेना यांवर अवलंबून असतो.
- यंत्रात सोय असली, तरी नियमाची मर्यादा पाळावी लागते.
- बिघाड शोधताना सोप्या कारणापासून सुरुवात करावी.

स्वाध्याय

१. फ्यूज बॅटरीच्या जवळ का बसवतात?

२. चॅनेल १ वर एसडब्ल्यूआर २.५ व चॅनेल २७ वर १.६ आला. अँटेनात कोणता बदल कराल?

३. धुक्यात रस्त्यावर वाहन बंद पडले आहे. मागून येणाऱ्या गाड्यांना सूचना देणारा निरोप वीस शब्दांत लिहा.