मुरुमांवर लिंबू, सोडा, टूथपेस्ट नको

मुलगा-मुलगी वयात आली की चेहऱ्यावर मुरुमे येतात. मग घरात सल्ले सुरू होतात. कोणी लिंबू चोळायला सांगते, कोणी खाण्याचा सोडा, कोणी टूथपेस्ट. या वस्तू घरातच असतात, म्हणून आपण लावून बघतो. मुरुमे चार-सहा महिन्यांत कमी होऊ शकतात, पण अशा उपायांचे डाग वर्षानुवर्षे राहतात.

मुरुमे का येतात?
त्वचेत तेल तयार करणाऱ्या बारीक ग्रंथी असतात. वयात येताना हार्मोनमुळे त्या जास्त तेल तयार करतात. तेल आणि मेलेल्या पेशींनी त्वचेचे छिद्र बुजते, आत जंतू वाढतात आणि सूज येते. चेहरा अस्वच्छ असल्यामुळे किंवा ‘रक्त खराब’ झाल्यामुळे हे होत नाही. त्यामुळे कितीही घासले तरी मुरुमे जात नाहीत, उलट चिडतात.

काय लावू नये?
● लिंबू : रस आम्ल असतो, त्वचा भाजते. तो लावून उन्हात गेल्यास फोड येतात आणि काळे डाग पडतात.
● खाण्याचा सोडा : त्वचेचे संरक्षक आवरण बिघडते. चेहरा कोरडा पडतो, चुरचुरतो.
● टूथपेस्ट : थंड वाटते, पण त्वचा लाल होते, सोलते.
● नखाने फोडणे : जंतू आणि सूज खोलवर जाते, कायमचे खड्डे पडतात.

सर्वांत मोठा धोका
चिठ्ठीशिवाय मेडिकलमधून आणलेली ‘गोरे करणारी’ ट्यूब. तिच्यावर बीटामेथासोन, क्लोबेटासोल किंवा मोमेटासोन लिहिले असेल तर ते स्टेरॉइड आहे. आठवडाभर चेहरा उजळ दिसतो. पुढे त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात आणि ट्यूब थांबवताच मुरुमे आधीपेक्षा जोरात येतात. 2018 मध्ये केंद्र सरकारने अशी 14 स्टेरॉइड औषधे चिठ्ठीशिवाय न विकण्याच्या यादीत घातली. बरेच दिवस लावत असाल तर डॉक्टरांना विचारून बंद करा.

काय करावे?
दिवसातून दोनदा सौम्य साबणाने चेहरा धुवा, घासू नका. डोक्याचे तेल कपाळावर ओघळू देऊ नका. साध्या मुरुमांवर 2.5 टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड जेलचा पातळ थर रात्री लावतात. त्याने टॉवेल आणि उशीच्या अभ्र्याचा रंग उडतो, म्हणून जुने कापड वापरा. फरक दिसायला 6 ते 8 आठवडे लागतात, तोवर धीर धरा.

दुखऱ्या गाठी किंवा खड्डे असतील, किंवा मुलीची पाळी अनियमित असून हनुवटीवर केस येत असतील, तर सरकारी रुग्णालयात केसपेपर काढून त्वचारोग विभागात दाखवा. गरोदर असाल तर तेही सांगा, कारण मुरुमांच्या काही गोळ्या पोटातल्या बाळाला घातक असतात. आजवर काय काय लावले ते लपवू नका. रिकामी ट्यूबही सोबत न्या.